छायाचित्रावरील दुसरा हात

छायाचित्र कोणी काढले, असे विचारले की कॅमेऱ्याची कळ दाबणाऱ्याचे नाव सांगण्यात येते. नित्याच्या व्यवहाराला हे उत्तर पुरते. तथापि ते पूर्ण नव्हे. कळ दाबल्यापासून चित्र गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्यावर अनेक संस्कार होत असतात, आणि ते करणारा हात पुष्कळदा दुसऱ्याचाच असतो. एके काळी हा दुसरा हात स्टुडिओच्या मागल्या अंधाऱ्या खोलीत असे. आज तो हजारो मैलांवरील एखाद्या गावात, संगणकाच्या पडद्यापुढे असतो. व्यावसायिक छायाचित्रकाराने आपल्या अंकीय चित्रांवरचे काम अशा दूरस्थ कसब्यांकडून उक्ते करून घ्यावयाचे, या रीतीला आज आउटसोर्सिंग म्हणतात. नाव नवे असले तरी व्यवस्था पुष्कळ जुनी आहे. तिची पाळेमुळे पाहावयाची झाल्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे मराठी राजघराणे जेथे नांदले, त्या तंजावूरकडे दृष्टी वळविणे उपकारक ठरते.

तंजावूरचे दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 पर्यंत गादीवर होते. राज्यकारभार 1799 च्या तहाने कंपनी सरकारकडे गेला, आणि राजांनी आपली बुद्धी ग्रंथसंग्रह, वैद्यक, संगीत व चित्रकला यांकडे लावली. सरस्वती महाल ग्रंथालयाची आज जी कीर्ती आहे, ती मुख्यत्वे त्यांच्याच व्यासंगाची. नेत्ररोगांवर त्यांच्या देखरेखीखाली जे उपचार झाले, त्यांच्या टिपणांबरोबर रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून ठेवलेली आहेत. छायाचित्रणाचा शोध जगाला कळण्यापूर्वीची ही गोष्ट. येथे पाहणारी दृष्टी वैद्याची आहे आणि रेखाटणारा हात चितान्याचा. कोणत्या डोळ्यात सारा कोठवर आला आहे, हे वैद्याने दाखवावे आणि चितान्याने तितकेच काढावे. बाहुलीचा रंग त्याने आपल्या मनाने खुलविला असता, तर चित्र सुंदर दिसले असते. पण वैद्यकाच्या दृष्टीने ते निरुपयोगी झाले असते. काम सांगणारा एक व करणारा दुसरा असला की करणाऱ्याने आपले कसब कोठे आवरावे, हा प्रश्न उभा राहतो. या विषयातील सारे बरेवाईट पुढेही याच प्रश्नाभोवती फिरते.

सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे 1855 साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने ते संस्थान खालसा केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 1858 साली, कॅप्टन लिनियस ट्राइप हा मद्रास सरकारचा छायाचित्रकार आपली अवजड सामग्री घेऊन तंजावुरात उतरला. राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वराच्या विमानाच्या पायथ्याशी दगडात कोरलेला दीर्घ शिलालेख आहे. तो एका चौकटीत मावणे शक्यच नव्हते. म्हणून ट्राइपने त्याचे तुकड्यातुकड्यांनी चित्रण केले आणि 21 छापे एकापुढे एक जोडून सुमारे 19 फूट लांबीचा एकच पट सिद्ध केला. प्रत्येक छाप्याचा उजेड शेजारच्याशी जुळावा, सांधा डोळ्यात भरू नये आणि एकही अक्षर दोनदा येऊ नये किंवा गळू नये, यासाठी किती काळजी घ्यावी लागली असेल याची कल्पनाच करावी. आज संगणक हे काम क्षणार्धात करतो. ट्राइपच्या काळी ते डोळा, कात्री, खळ आणि कुंचला यांनी करावे लागे.

ट्राइपच्या कामात आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या काळच्या रसायनांना निळा प्रकाश फार लवकर भिडे आणि हिरवा फार उशिरा. परिणामी आकाश कोरे पांढरे उमटे आणि झाडांचे नुसते काळे पुंजके होत. यावर उपाय म्हणून ट्राइपने मेण दिलेल्या कागदी निगेटिव्हवर रंगाचे हलके हात दिले. आकाशात ढग रेखले आणि पर्णराजीला पानांचा भास दिला. म्हणजे छायाचित्रावर हात फिरविण्याची विद्या संगणकाबरोबर अवतरली, हा समज खरा नाही. छायाचित्रण आणि त्याची दुरुस्ती ही जुळी भावंडेच होत. शिवाय ट्राइप एकटा नव्हता. ब्रह्मदेशातील 1855 च्या मोहिमेत घेतलेल्या चित्रांचे हजारो छापे त्याने पुढे बंगळुरास मदतनीस हाताशी धरून तयार केले. उन्हात कागद मांडणे, धुणे, वाळविणे, डाग झाकणे ही कामे करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. चित्रांखाली नाव येते ते ट्राइपचेच. हा खर्च पुढे मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याला चैनीचा वाटला आणि ते खातेच बंद करण्यात आले. चित्र घेण्यापेक्षा ते सिद्ध करण्यासच वेळ व पैसा अधिक लागतो, ही छायाचित्रकाराची नित्याची अडचण तेव्हाही होती.

ही अडचण व्यापाराच्या मार्गाने सोडविण्याचा मान अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याच्याकडे जातो. त्याने 1888 साली कोडॅक नावाचा लहानसा कॅमेरा 25 डॉलरांस विकावयास काढला. त्यात 100 चित्रांची फीत आधीच भरलेली असे. ती संपली की मालकाने सबंध कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात धाडावयाचा. 10 डॉलर घेऊन कारखाना चित्रे धुऊन, छापून, नवी फीत भरून परत करी. चित्र घेणारा एकीकडे आणि ते सिद्ध करणारा दुसरीकडे, ही फारकत येथे उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर झाली. ती केवळ हौशी लोकांपुरती राहिली नाही. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ याच्यासारखा श्रेष्ठ छायाचित्रकार आपले छापे स्वतः काढीत नसे. पॅरिसमध्ये प्येर गासमान याने 1950 साली जी छपाईशाळा स्थापन केली, तिच्यावर त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा भरवसा असे. या परावलंबनाने कार्त्ये-ब्रेसाँच्या कीर्तीस बाध आला नाही. कारण छापणाऱ्यास त्याची दृष्टी माहीत होती आणि काय करावयाचे नाही, हेही माहीत होते. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरील देवीचे वण पुसणारा रिटचर असेच. फोटो दुकानाच्या नावाने ओळखला जाई, आणि रिटचरचे नाव दुकानाच्या पाटीवर कधी लागत नसे.

आता अंकीय चित्राकडे वळू. आजच्या कॅमेऱ्यात रसायन नसून प्रकाश मोजणारी एक चकती असते. तिच्यावरील कोट्यवधी बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू आपल्यावर किती प्रकाश पडला, त्याचा आकडा नोंदवितो. व्यावसायिक छायाचित्रकार हे आकडे शक्यतो कच्च्या स्वरूपातच साठवितो. त्या फाईलला रॉ असेच म्हणतात. बाजारातून आणलेले धान्य आणि शिजवलेला भात यांत जो भेद, तोच रॉ फाईल आणि नेहमीचे जेपेग चित्र यांत समजावा. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या उजेडाच्या 256 पायऱ्या असतात. 14 बिटांच्या रॉ फाईलमध्ये त्या 16,384 असतात. म्हणून कच्च्या फाईलमधील काळोखात बुडालेला चेहरा पुष्कळ अंशी वर काढता येतो, किंवा दिव्याच्या पिवळ्या उजेडाने बिघडलेला शालूचा रंग मूळ पदावर आणता येतो. पण त्यासाठी प्रत्येक चित्राला माणसाचा डोळा लागतो आणि वेळ लागतो.

हा वेळ किती, ते साध्या हिशेबाने पाहावे. एका लग्नात दोघे छायाचित्रकार मिळून 3,000 चित्रे सहज घेतात. त्यांतून मिटलेल्या डोळ्यांची, हललेली आणि पुनरुक्त चित्रे काढून 600 निवडली, आणि प्रत्येकाला केवळ दोन मिनिटे दिली, तरी 20 तास झाले. हंगामात आठवड्याला दोन लग्ने असली तर चाळीस तास पडद्यापुढेच गेले. मग चित्रे घ्यावयाची केव्हा, आणि गिऱ्हाइकाशी बोलावयाचे केव्हा? यास्तव छायाचित्रकार हे काम बाहेर देतो. वस्तू विकणाऱ्या दुकानदारांची गरज याहून निराळी. त्यांना एकाच दिवशी शेकडो चपला, भांडी व साड्यांची चित्रे शुभ्र पार्श्वभूमीवर हवी असतात. त्यासाठी वस्तूच्या कडेने बिंदू मांडीत एक अदृश्य रेघ ओढावयाची आणि मागचे सारे कापून टाकावयाचे. चपलेला हे सोपे जाते. पण मोकळे केस, जाळीची ओढणी किंवा काचेचा पेला आला की कसब्याची परीक्षा होते.

ही कामे पाठविण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. फोटोशॉप हे साधन 1990 साली बाजारात आले. चित्रांचे ढीग एकदम हाताळणारे लाइटरूम 2007 मध्ये. या दुसऱ्या साधनात मूळ चित्राला कोणी हात लावीत नाही. किती उजेड वाढवावा, किती निळाई कमी करावी, एवढ्या सूचनांचीच नोंद होते, जणू पाककृतीचा कागदच. त्यामुळे छायाचित्रकाराने मूळ फाईलींचे ओझे न पाठविता त्यांच्या लहान प्रतिकृती पाठविल्या तरी भागते. दूरचा कसबी त्यांवर काम करतो आणि फक्त सूचना परत धाडतो. त्या मूळ चित्रांना लागू केल्या की काम झाले. यात सूर्यही मदतीस येतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सायंकाळचे सहा वाजतात, तेव्हा तंजावुरात दुसऱ्या दिवसाची पहाट व्हावयाची असते, साडेतीन वाजलेले असतात. तिकडचा छायाचित्रकार फाईली पाठवून निजतो, इकडे दिवसभर काम होते, आणि तिकडे उजाडते तेव्हा चित्रे तयार असतात.

भारत, बांगलादेश, फिलिपाइन्स, व्हिएतनाम या देशांत हा व्यवसाय वाढला त्याला हे एक कारण. मजुरीतील तफावत हे दुसरे व अधिक बलवत्तर. मोठ्या शहरांतील जागेचे भाडे परवडेनासे झाले की अशी कामे मध्यम आकाराच्या गावांकडे सरकतात. तामिळनाडू सरकारने 2024 साली तंजावुरात संगणक-उद्योगासाठी लहान टायडेल पार्क उघडले, ते याच प्रवाहाचे लक्षण होय. कावेरीच्या खोऱ्यातील तरुणाला चेन्नई वा बंगळूर न गाठता आपल्या गावी राहून परदेशचे काम करता यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे काम बहुधा नगावर असते. दर चित्राला दाम ठरला की घाई आली. घाई आली की आठ तास एकाच पडद्यावर खिळलेले डोळे आले. मध्ये एक-दोन अडते असले, तर न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने दिलेल्या पैशाचा कोणता अंश त्या डोळ्यांच्या धन्यापर्यंत पोचतो, हे त्या छायाचित्रकाराला कळतही नाही.

अंतर केवळ मैलांचे असते तर तारांनी ते मिटविलेच आहे. खरे अंतर असते ते ओळखीचे. आपल्याकडील हळदीच्या समारंभाचे चित्र घ्या. नवरीचे गाल, हात, वस्त्र, सारेच पिवळे. ज्याने हळद लागलेली नवरी कधी पाहिली नाही, त्याला हा पिवळेपणा दिव्याच्या उजेडाने आलेला दोष वाटेल. तो निष्ठेने तो घालवील, आणि चित्रातून हळदच नाहीशी होईल. उलट, उत्तर युरोपातील हिमाच्छादित अंगणाचे चित्र तंजावुरात आले, तर सावलीतील बर्फ निळसर का, असा संशय येथील कसब्यास पडेल. दोघांचेही कसब उत्तमच. उणीव आहे ती अनुभवाची. म्हणून जाणते छायाचित्रकार कामाबरोबर नुसती यादी न देता आपण पूर्ण केलेली पाचपन्नास चित्रे नमुन्यादाखल देतात, आणि दोन्ही टोकांचे पडदे एकाच मापाने जुळवून घेतात. पडदेच निरनिराळे रंग दाखवू लागले, तर डोळे जुळून उपयोग नाही.

याहून नाजूक प्रश्न कांतीचा. चेहरा उजळ करा, अशी सूचना आपल्या देशातील लग्नांच्या कामात वरचेवर येते. कित्येकदा ती देण्याचीही गरज उरत नाही. काम करणारा सवयीनेच सावळा रंग धुऊन काढतो. एका चित्रात हे किरकोळ वाटते. पण घरोघरच्या संग्रहांत हेच होत राहिले, तर पन्नास वर्षांनी नातवंडांना आपली आजी सावळी होती, हेच कळणार नाही. पुटकुळी पुसणे आणि माणसाचा वर्ण बदलणे यांत फरक आहे. पुटकुळी आठ दिवसांनी आपोआप गेलीच असती. वर्ण हा त्या व्यक्तीचा आहे. या दोहोंमधील सीमा कोणी आखावयाची? ती आखण्याचे काम नगावर मजुरी घेणाऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. ते छायाचित्रकाराचे आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे आहे.

वृत्तपत्रीय छायाचित्रांत ही सीमा अधिकच कडक ठरते. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसविण्यासाठी गीझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले. त्यावर झालेला गहजब पुष्कळ वर्षे टिकला. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत 2015 साली शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी 20 टक्के प्रवेशिका बाद झाल्या. चित्रांत नको तितका फेरफार झाल्याचे मूळ फाईलींशी ताडून पाहता आढळले. लग्नाच्या चित्रात कोपऱ्यातील कचऱ्याची टोपली पुसली तर कोणी आक्षेप घेत नाही. बातमीच्या चित्रात तीच टोपली पुसणे म्हणजे साक्षीदाराने साक्ष फिरविणे होय. काम बाहेर दिले होते, ही सबब तेथे चालत नाही. ज्याचे नाव चित्राखाली, त्याचीच जबाबदारी.

साक्षीचा हा प्रश्न तंजावूरला एका निराळ्या अंगाने भिडतो. सरस्वती महालात ताडपत्रे आणि पोथ्या यांच्या जोडीला मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे ढीग आहेत. असे जीर्ण कागद जपावयाचे तर त्यांची अंकीय चित्रे घेण्यावाचून गत्यंतर नाही. आणि चित्रे लाखांच्या घरात गेली की त्यांची साफसफाईही बाहेर देण्याचा मोह होणारच. डाग काढा, कागद पांढरा करा, शाई गडद करा, या सूचना वरवर निरुपद्रवी दिसतात. पण मोडी ही लपेटीची लिपी. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढावयाची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जावयाचे. तीत एखाद्या बारीक वळशाने शब्द पालटतो, आकड्यांजवळच्या एका उभ्या फराट्याने आणे-पैचा हिशेब बदलतो. ही लिपी न जाणणाऱ्याला तो फराटा शाईचा ओघळ वाटला आणि त्याने तो पुसला, तर पुढल्या संशोधकाला पडद्यावर निर्मळ पण खोटा कागद दिसेल. म्हणून अशा कामात मूळ, न सुधारलेली प्रत निराळी राखणे हा पहिला नियम. सुधारलेली प्रत वाचनाच्या सोयीपुरती.

कायद्याचे म्हणणे काय, तेही थोडक्यात पाहण्याजोगे आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता तो काढणारा समजला जातो. मात्र मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास मालकीचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. कर्त्याच्या या व्याख्येत चित्र दुरुस्त करणाऱ्याचा उल्लेख नाही. दुसरा मुद्दा खासगीपणाचा. लग्नघरातील बायकामुलांची हजारो चित्रे परमुलखातील अनोळखी संगणकांवर जातात, तेथे ती किती दिवस राहतात आणि कोण पाहतो, हे यजमानाला बहुधा विचारलेलेच नसते. वैयक्तिक माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी मूळ घेणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, हे तत्त्व भारताच्या 2023 च्या विदा-संरक्षण कायद्याने स्वीकारले आहे. छायाचित्रकाराने ते कायद्याच्या धाकाने नव्हे, तर घरच्या माणसाच्या सचोटीने पाळावे. कारण घरात त्याला घरच्या माणसासारखेच वावरू दिलेले असते.

अलीकडे या दुसऱ्या हाताची जागा यंत्र घेऊ लागले आहे. चित्रांतील मिटलेले डोळे हुडकणे, माणूस व पार्श्वभूमी वेगळी करणे, छायाचित्रकाराने पूर्वी केलेल्या कामावरून त्याची आवड शिकून नव्या चित्रांवर तीच लावणे, ही कामे आता संगणक स्वतः करतो. नगावर चपला कापणाऱ्या तरुणापुढे यामुळे मोठेच संकट उभे राहिले आहे. जे काम केवळ सराईतपणाचे, ते यंत्राकडे जाणार. जे पारखीचे, ते काही काळ तरी माणसाकडे राहील. तथापि यंत्रानेही मूळ प्रश्न सुटत नाही. हळदीचा पिवळा रंग दोष समजण्याची चूक यंत्रही करते, आणि हजारो चित्रांत एकसारखीच करते.

तेव्हा हे काम बाहेर द्यावे की न द्यावे, हा वादच व्यर्थ आहे. ते पूर्वीही बाहेर दिले जात होते आणि पुढेही दिले जाईल. कसे द्यावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे. मूळ चित्र जपून ठेवावे. काय बदलावयाचे यापेक्षा काय बदलावयाचे नाही, हे आधी लिहून द्यावे. काम संपल्यावर दूरच्या प्रती नष्ट होतील अशी बोली करावी. दाम असा द्यावा की काम करणाऱ्याला प्रत्येक चित्राकडे क्षणभर थांबून पाहता येईल. आणि जेथे शक्य असेल तेथे संग्रहाच्या शेवटच्या पानावर त्याचेही नाव छापावे. ट्राइपचा 21 तुकड्यांचा पट सांधणाऱ्या मदतनिसांची नावे आता मिळावयाची नाहीत. आजच्या कसब्यांची मात्र मिळू शकतात, आणि ती लिहून ठेवण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.